वाणसामानाचं बिल: महागाई किती, पिशवीचे किती?

निरंजनी (डोंबिवली)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या फराळाचे डबे घासून वर ठेवताना कपाटाच्या तळाशी माझी २०१९ सालची हिशेबाची वही सापडली. लग्न झाल्यापासून मी वाणसामानाचा हिशेब लिहीत आले. कोव्हिडनंतर सगळं फोनवरून यायला लागलं आणि लिहिणं सुटलं. त्या वहीत नोव्हेंबर २०१९ चं वाणसामान होतं ६,४०० रुपयांचं. घरात तेव्हा चौघं होतो, आजही चौघंच आहोत. नोव्हेंबर २०२५ च्या पावत्या फोनमधून काढून बेरीज केली, तर आकडा आला ११,८५०.

म्हणजे ५,४५० रुपये जास्त. इकडे बातम्यांत सांगतात, महागाई उतरली. ऑक्टोबर २०२५ चा सरकारी आकडा तर खाद्यपदार्थांची महागाई उणे ५ टक्के म्हणतो. मग माझ्या घरात ती का उतरली नाही?

दोन संध्याकाळी बसून मी दोन्ही महिने ओळीने ताडून पाहिले आणि वाढीचे तीन रकाने केले. पहिल्यात तीच वस्तू, तेच रूप, फक्त भाव वाढलेला: साखर, चहा, गोडंतेल, शेंगदाणे. दुसऱ्यात वस्तू तीच, पण रूप बदललेलं: गव्हाच्या जागी पिठाची पिशवी, सुट्या तूरडाळीच्या जागी 'अनपॉलिश'चं एक किलोचं पाकीट, मटकीच्या जागी मोड आलेली मटकी, अख्ख्या लसणाऐवजी सोललेला, नारळाऐवजी खवलेलं खोबरं, शिवाय इडलीचं तयार पीठ. तिसऱ्या रकान्यात घरपोच आणण्याचे, 'हाताळणी'चे, छोट्या ऑर्डरचे आणि पाऊस पडत असेल तर त्याचेही पैसे.

पहिल्या रकान्यात २,६०० रुपये आले, दुसऱ्यात २,३०० आणि तिसऱ्यात ५५०.

मी थक्क झाले. निम्म्याहून अधिक वाढ भावाची नाहीच, ती मी विकत घेतलेली आहे. मटकीचंच पाहा. आमच्याकडे सुटी मटकी १२० रुपये किलो. किलोभर भिजवली की मोड येऊन दोन किलोंच्या वर होते, म्हणजे मोडाची मटकी घरात पडते साठ रुपये किलोच्या आत. मी आणत होते २०० ग्रॅमचा डबा ३५ रुपयांना, म्हणजे १७५ रुपये किलोने. लसूण बाजारात १४० रुपये किलो. सोललेला १०० ग्रॅम ५५ रुपयांना, किलोला ५५० झाले.

तुमच्याकडे काय चित्र आहे? कुणी असा हिशेब मांडला असेल तर जरूर लिहा.

गणिती (नागपूर)

निरंजनीताई, उत्तम धागा. उणे महागाईचं आधी सांगतो, कारण त्यावर खूप गोंधळ होतो. हा आकडा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढलेला असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये खाद्यपदार्थांची महागाई ११ टक्क्यांच्या आसपास होती, भाज्या पेटल्या होत्या. त्या चढलेल्या भावांपेक्षा यंदा भाज्या आणि डाळी उतरल्या, म्हणून उणे. खाद्यतेल याच काळात चढलेलं होतं. तुमची तुलना २०१९ शी आहे, आणि सहा वर्षांत वाढलेले भाव एका वर्षाच्या उताराने मागे जात नाहीत.

शिवाय महागाई मोजणारा निर्देशांक वस्तूंची एक ठरलेली टोपली धरून चालतो. तुम्ही टोपलीच बदललीत, ते त्यात दिसणार नाही. ते दिसतं खर्चाच्या पाहणीत. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत शहरी कुटुंबाचा अन्नावरचा खर्च एकूण खर्चाच्या ३९ टक्के होता, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा दूध, भाजी किंवा धान्याचा नव्हता. तो पेयं, तयार खाणं आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा होता, एकूण खर्चाच्या सुमारे साडेदहा टक्के. तुमचा दुसरा रकाना तो हाच.

भुसारवाला (कराड)

दुकान आमचं तिसऱ्या पिढीचं. काउंटरच्या अलीकडून दिसतं ते सांगतो.

१८ जुलै २०२२ पासून आधीच पाकीटबंद करून लेबल लावलेल्या धान्य, डाळ, पीठ यांवर ५ टक्के जीएसटी लागला. त्याआधी तो फक्त नोंदणीकृत ब्रँडच्या मालावर होता. सुट्या मालावर तेव्हाही नव्हता, आताही नाही. २५ किलोंपेक्षा मोठ्या पोत्यावरही नाही. तुम्ही समोर उभे राहून दोन किलो डाळ मागितलीत आणि मी पोत्यातून मापून दिली तर कर शून्य. तीच डाळ मी सकाळी बसून एकेक किलोची पाकिटं करून, लेबल लावून मांडली तर कर लागू. सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटं, लोणी, तूप, फरसाण यांचे दर खाली आले, पाकिटातलं पनीर करमुक्त झालं, पण डाळ-तांदूळ-पिठाच्या पाकिटावरचे ५ टक्के तसेच राहिले.

पण ताई, सगळं खापर करावर फोडू नका. तुमची ती अनपॉलिश डाळ केवढ्याला?

निरंजनी

१९८ रुपये किलो. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात सुटी चांगली तूरडाळ १२५ ला आहे. मी काल मुद्दाम जाऊन विचारून आले.

भुसारवाला

म्हणजे फरक ७३ रुपयांचा. कर धरा सहा ते नऊ रुपये. छापील जाड पिशवी फार तर चार-पाच रुपये. बाकीचे जाहिरात, खोका, वितरक, साठवण आणि प्रत्येकाचा नफा. एक गोष्ट मला कधीच पटली नाही: पॉलिश म्हणजे डाळीवर पाण्याचा किंवा तेलाचा हात फिरवून चकाकी आणणं. अनपॉलिश म्हणजे ते काम न करणं. न केलेल्या कामाचे जास्त पैसे घेतात. माझ्याकडे सुट्यातही पॉलिश न केलेली मिळते, विचारणारा हवा.

डाळमिल (लातूर)

भुसारवाला यांना अनुमोदन. मी मिलमध्ये हिशेब पाहतो. एक क्विंटल तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते, बाकी चुणी आणि टरफल, ते जनावरांच्या खाद्याला जातं. खडे आणि काळे दाणे काढायचं सॉर्टेक्स यंत्र आता जवळपास सगळीकडे आहे, त्यामुळे 'निवडलेली' म्हणून पाकिटाला जादा पैसे द्यायचं कारण पूर्वीइतकं राहिलेलं नाही. सुटी डाळही त्याच यंत्रातून येते.

एक गोष्ट इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये जाहीर झाला आहे. यंदा आमच्या बाजारात शेतकऱ्याला हमीभावाच्या खालीच विकावी लागली. सात हजाराच्या आत-बाहेर सौदे होताना मी स्वतः पाहिलेत. तुरीच्या शुल्कमुक्त आयातीला मार्च २०२६ पर्यंत मुदत दिली होती. म्हणजे शिवारात तूर सत्तर रुपये किलो आणि डोंबिवलीत डाळ १९८. पिकवणाऱ्याच्या हाती त्या वाढीव ७३ मधला एक पैसा जात नाही. माझे वडील तूर लावतात, म्हणून हे बोचतं.

रात्रपाळी (पुणे)

धागा वाचला. हिशेब बरोबर आहे, पण वहीत एक रकाना कमी आहे.

मी परिचारिका आहे. महिन्याला दहा-बारा रात्रपाळ्या असतात. सकाळी साडेआठला घरी येते, नवरा निघालेला असतो, मुलीला शाळेतून आणायला साडेबाराला जायचं असतं. मधले चार तास ही माझी झोप. पाव किलो लसूण सोलायला अर्धा तास जातो. मटकी भिजवायची, उपसायची, फडक्यात बांधायची आणि ते सगळं लक्षात ठेवायचं. इडलीचं पीठ भिजवा, वाटा, आंबवा. घरात हे काम कुणी करणार असेल तर ते मीच करणार, हे न बोलता ठरलेलं आहे. ५५ रुपयांत मी लसूण घेत नाही, अर्धा तास झोप घेते. माझ्या एका चुकीने रुग्णाला चुकीचं इंजेक्शन जाऊ शकतं, त्यामुळे ती झोप स्वस्तच पडते.

कुणी म्हणेल शहाणपण शिका. मी शिकलेच आहे.

जुनेजाणते (सातारा)

राग मानू नका, पण आमच्या आईने गिरणीतून दळण डोक्यावर आणलं, पाट्यावर वाटण केलं, सहा मुलांचं केलं. तिला वेळ नाही असं कधी ऐकलं नाही. आताच्या पिढीला बसल्या जागी सगळं हवं, मग बिल वाढल्याची तक्रार कशाला?

रात्रपाळी

काका, तुमच्या आईला वेळ होता असं तुम्हाला वाटतं, कारण तिला कुणी विचारलं नाही. माझी आजीही अशीच होती. शेवटी शेवटी तिचे गुडघे आणि मनगटं कामातून गेली होती. त्या कष्टांचा मान मी राखते. पण ते पुन्हा माझ्या मुलीच्या वाट्याला यावेत असं मला वाटत नाही.

निरंजनी

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद रात्री तीनदा वाचला. तुमचं बरोबर आहे, आणि मी चुकीच्या ठिकाणी बोट ठेवत होते. काका, आईच्या वेळेला कुणी भावच लावला नव्हता, म्हणून घर स्वस्तात चाललं. माझीही आई तशीच होती, त्यामुळे हे लिहिताना मलाच जड जातंय.

आता रकाने पुन्हा पाहिले. इडलीच्या तयार पिठाने माझा खरोखर वेळ वाचतो. किलोचं पाकीट ९५ रुपयांना. घरी केलं तर त्यात साधारण तीनशे ग्रॅम तांदूळ आणि शंभर ग्रॅम उडीदडाळ, म्हणजे २७-२८ रुपये आणि थोडी वीज. वरच्या ६७ रुपयांत शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ माझी होते. हे मी आनंदाने देईन. पण तूरडाळीच्या त्या ७३ रुपयांनी माझं एक मिनिटही वाचत नाही. सुटीही धुवायचीच, पाकिटातलीही धुवायचीच. दोन्ही खर्च मी एकाच रकान्यात टाकले होते, ही माझी चूक.

आजोळ (डोंबिवली पूर्व)

मी ७४ वर्षांची, एकटी राहते. बोटांच्या सांध्यांना सूज असते, लसणाच्या पाकळीचं साल निघत नाही. सोललेला लसूण येण्याआधी दीड-दोन वर्षं मी फोडणीत लसूण घालणंच सोडलं होतं. आता १०० ग्रॅम आणते, तो तीन आठवडे पुरतो. घरपोच आणून देणारा मुलगा दुसरा मजला चढून येतो, आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्याला मी पाणी विचारते. माझ्यासारखीला हे पैसे जड नाहीत.

जड जातं ते वेगळंच. मला किलोभर डाळ लागत नाही, आणि छोट्या पाकिटाचा भाव चढा असतो. दुकानातून सुटी आणायची तर वजन उचलवत नाही.

गणिती

आजोळ, तुमच्या मुद्द्यावरून पाकिटांच्या वजनाचं लिहितो, कारण इथे सगळ्यांच्याच डोळ्यांना फसायला होतं.

पूर्वी चहा, बिस्किटं, खाद्यतेल, पीठ अशा १९ वस्तू ठरावीक वजनांतच विकायचं बंधन होतं. पाकीटबंद वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन (वजन-मापांच्या) नियमांत नोव्हेंबर २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती वजनांची अनुसूची काढून टाकली. बदल्यात पाकिटावर एकक विक्री किंमत छापणं सक्तीचं केलं. एक किलोपेक्षा कमी माल असेल तर दर ग्रॅमला किती, जास्त असेल तर दर किलोला किती. लिटर-मिलिलिटरचंही तसंच. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरांत ₹०.१८/ग्रॅ असं काहीतरी दिसेल, तेच ते.

त्याचा परिणाम तेलाच्या पिशवीत पाहा. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. माझ्या हातात परवा दोन पिशव्या होत्या, शेजारी ठेवल्या तर जुळ्या वाटाव्यात. एक १५५ रुपयांची ९१० ग्रॅमची, दुसरी १४२ ची आणि ८०० ग्रॅमची. स्वस्त म्हणून दुसरी उचलावी असंच कुणालाही वाटेल. किलोचा हिशेब केला तर पहिली १७० ला पडते, दुसरी साधारण १७७.५० ला. आणि ग्रॅमचा दर दोनच दशांशांत छापल्यावर एकावर ०.१७ आणि दुसरीवर ०.१८ दिसतं. एका पैशाकडे कोण पाहतो? ग्रॅमला एक पूर्ण पैसा म्हणजे किलोला दहा रुपये. दरातला दशांश तीन घरं उजवीकडे सरकवा, किलोचा साधारण भाव समोर येतो. ही एक सवय मी माझ्या मुलांना लावली आहे.

आणि मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं हेही धरून चालू नका. शाम्पूची पुडी बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. 'फॅमिली पॅक' लिहिलेलं पाकीट उचलण्याआधी तो बारीक आकडा वाचा. आकडा छापलेलाच नसेल, किंवा एमआरपीच्या वर पैसे मागितले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर किंवा वैधमापनशास्त्र विभागाकडे तक्रार करता येते.

दूरदेशी (लियों, फ्रान्स)

इथे दुकानात फळीवरच्या पट्टीवर किमतीखाली किलोचा भाव असतो, त्यामुळे ती गणितं डोक्यात करावी लागत नाहीत. वजन गुपचूप कमी करण्याबद्दल तर १ जुलै २०२४ पासून नियम आहे: वजन घटवून किलोचा भाव वाढवला असेल तर मोठ्या दुकानांनी दोन महिने तशी पाटी मालाजवळ लावायची. मी पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा आपल्याकडचा पाच रुपयांचा बिस्किटपुडा आठवला. लहानपणी शाळेच्या डब्यात तो पोटभर व्हायचा, आता भाचीच्या हातात पाहिला तर दोन घासांत संपला. किंमत तीच राहिली, पुडा आटत गेला, आणि तसं कुणी कधी सांगितलं नाही.

बालवाडी (नाशिक)

सगळे प्रतिसाद वाचले. थोडं वेगळं लिहिते, कारण मी ज्या वस्तीत बालवाडी चालवते तिथल्या बायकांचं बिल इथे कुणाच्याच वहीत नाही.

त्यांची खरेदी रोजची असते. संध्याकाळी मजुरी हातात आली की कोपऱ्यावरच्या टपरीवजा दुकानात जायचं: दहाची साखर, वीसची डाळ, वीसचं तेल. मी एकदा मुद्दाम वजन करून पाहिलं. दहाची साखर २०० ग्रॅम, म्हणजे ५० रुपये किलो, बाजारात ४४ ला होती. वीसची तूरडाळ सव्वाशे ग्रॅम भरली, म्हणजे १६० रुपये किलो. तेल १०० मिली, म्हणजे २०० रुपये लिटर. पिशवी नाही, ब्रँड नाही, घरपोच नाही, तरी भाव बाजारभावापेक्षा चढा.

त्यांना हिशेब कळत नाही असं मुळीच नाही. एकीने मला स्पष्ट सांगितलं, 'ताई, पूर्ण पिशवीचे पैसे एका वेळी हातात असते तर मी पिशवीच आणली असती.' आणि तो दुकानदार पाऊस लागून काम बंद पडलं की आठ-आठ दिवस उधार देतो. फोनवरून मागवलेल्या सामानाला उधारी नाही. त्याला लुटारू म्हणायला माझी जीभ धजत नाही.

गणिती

बालवाडी, हे वाचून गप्प झालो. एक सांगणं मात्र कर्तव्य आहे. सुटं खाद्यतेल विकायला अन्न सुरक्षा नियमांनी मनाई आहे, राज्याने खास सूट दिली तरच चालतं. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं होतं. जलशोथाची (अंगाला सूज आणणाऱ्या रोगाची) साथ आली आणि साठहून अधिक माणसं गेली. तेलाच्या बाबतीत बंद पिशवीचे पैसे हे जिवाचे पैसे आहेत. हळद-तिखटाचंही तसंच: सुटी पूड घेऊ नये, हळकुंडं आणि मिरच्या आणून दळाव्यात. धान्य-डाळ सुटी, तेल बंद. मी तरी असंच करतो.

बालवाडी

मान्य. बायकांशी बोलते. पाच जणींनी पैसे घालून एक पिशवी आणली आणि घरी वाटून घेतली तर जमेल का पाहते.

कांडप (कोल्हापूर)

आमचा बारा जणींचा बचत गट आहे. कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट करतो. पिशवीला शिव्या पडताहेत म्हणून आमची बाजू लिहिते.

सुरुवातीला आम्ही साध्या पिशवीत मसाला भरून, मेणबत्तीवर तोंड चिकटवून विकायचो. प्रदर्शनात बायका यायच्या, वास घ्यायच्या, 'मस्त आहे' म्हणायच्या आणि शेजारच्या स्टॉलवरची उभी राहणारी चकचकीत पिशवी घेऊन जायच्या. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची आमची, डंकावर कुटलेली. त्यांचा मसाला कुठल्या मिरचीचा होता, ते पिशवीवर लिहिलेलं नव्हतं. दोन वर्षं पाहिलं आणि शेवटी आम्हीही चेन असलेली उभी पिशवी घेतली. ती आम्हाला सात रुपयांना पडते, कारण शेकड्यात घेतो. मोठ्या कंपनीला ती याच्या काही अंशातच पडत असणार. पिशवीवर थेट छपाई करायची तर सिलिंडर कोरून घ्यावे लागतात आणि किमान माल काहीशे किलोंचा सांगतात. तेवढे पैसे गटाकडे कुठून असणार? म्हणून आम्ही कोऱ्या पिशवीवर लेबल चिकटवतो. बाजाराच्या आदल्या रात्री बारा जणी बसून लेबलं लावतो, लेबल वाकडं लागलं तर काढून परत.

अन्न परवान्याची नोंदणी आमच्यासारख्या लहानांना वर्षाला १०० रुपयांत झाली, १४ आकडी नंबर लेबलवर असतो. तो जरूर पाहा. आणि एक विनंती. पाव किलोच्या मसाल्यात ७ रुपये पिशवीचे आहेत. डबा घेऊन आलात तर आम्ही ते सात रुपये कमी करतो. तीन वर्षांत असे डबा घेऊन आलेले गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

जुनेजाणते

कांडपताई, पत्ता कळवा, पुढच्या महिन्यात कोल्हापूरला येणं आहे. डबा आणतो.

रात्रपाळी, माझ्या त्या प्रतिसादाबद्दल वाईट वाटलं असेल. बायकोने वाचून दाखवला आणि म्हणाली, पाट्यावर वाटण तुम्ही कधी वाटलंय का. नाही वाटलं. चुकलं माझं.

रात्रपाळी

काका, झालं ते झालं. गेल्या आठवड्यापासून नवरा रविवारी टीव्हीपुढे बसून आठवड्याचा लसूण सोलतो. हा धागा त्याला वाचायला दिला होता.

मुंबईकर१९७५ (दादर)

एक जुना मार्ग सुचवतो. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली. पद्धत साधी: शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल घाऊक येतो, एका घरी उतरतो आणि सगळे मिळून वाटून घेतात. माझी आई वाटपाच्या दिवशी तराजू घेऊन बसायची, आम्ही मुलं पुडे घराघरांत पोचवायचो. कुणाकडे डाळीला कीड लागली तर पुढच्या वाटपाला त्याची चौकशी व्हायची. तेव्हा ना जाहिरात, ना चकचकीत पिशवी. पंचायत आजही चालू आहे. तुमच्या भागात संघ नसेल तर सोसायटीपुरतं तेच करून पाहा.

फोनवर पैसे भरताना शेवटच्या पानावर थेंबाथेंबाने वाढणाऱ्या किमतीबद्दल कुणी लिहिलं नाही. आधी कमी दाखवायचं आणि पैसे भरताना शुल्क जोडत जायचं, किंवा न विचारता टोपलीत वस्तू टाकायची, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसवे प्रकार म्हणून दिलेलं आहे. तसे १३ प्रकार आहेत. निरंजनीताई, तुमचा तिसरा रकाना त्या नजरेने परत तपासा.

निरंजनी

महिन्याने लिहितेय. उशीर झाला, पण आकडे हातात आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

तिसरा रकाना तपासला. मला न विचारता दोनदा काही रुपयांची 'देणगी' जोडली गेली होती, त्याची खुणेची चौकट आधीच भरलेली असायची. आता पैसे भरण्याआधी पूर्ण पावती उघडून वाचते. आणि रोज दोन वस्तू मागवण्याऐवजी आठवड्याला एकदाच मागवते. ५५० चे १४० वर आले.

सोसायटीतल्या सात घरांनी मिळून ६० किलो लोकवन गहू आणि ३० किलोंचं तूरडाळीचं एक पोतं आणलं. पोतं २५ किलोंच्या वरचं, त्यामुळे कर नाही. दळण गिरणीत ७ रुपये किलो. पहिल्या दिवशी गोंधळ झाला: तराजू एकच, तोही स्वयंपाकघरातला पाच किलोंचा, आणि शेवटच्या घराला गहू पाऊण किलो कमी पडला. ते आम्ही सगळ्यांनी मुठीमुठीने भरून दिले. पुढच्या वेळी भुसारवाल्यांसारख्या कुणाकडून वजनकाटा आणू.

डिसेंबरचं बिल ९,७२०. इडलीचं पीठ महिन्यातून दोनदा येतं, ते बंद करणार नाही. बिस्किटांचे मोठे पुडे बंद, मटकी घरी. सोललेला लसूण माझ्या आजारपणात एकदा आणला, त्याचं वाईट वाटलं नाही. आणि आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात परत जायला लागलो. मालक म्हणाले, 'वहिनी, चार वर्षांनी आलात.' खरं होतं.

डाळमिल, नवीन तूर कधी येते? सगळ्यांना वर्षाची भरून ठेवायची आहे.

डाळमिल

नव्या तुरीची आवक डिसेंबर अखेरीपासून सुरू होते, जानेवारी-फेब्रुवारीत जोर असतो. पण सुरुवातीच्या मालात ओल जास्त असते, घाईने वर्षाची भरू नका, कीड लागते. फेब्रुवारीत घ्या. घेतल्यावर दोन कडक उन्हं द्या आणि पूर्ण निवल्यावरच डब्यात भरा, गरम भरली तर घाम धरते.

आजोळ

ऊन दिलं की एरंडेलाचा हात लावायचा. किलोला अर्धा चमचा पुरे, तळहाताला लावून डाळीला चोळायचं, दाणा न दाणा चकाकला पाहिजे. वर्षभर जाळी धरत नाही. शिजवताना कोमट पाण्याने दोनदा धुवायची, वास राहत नाही.

निरंजनी, तू पश्चिमेला असशील तर पूल ओलांडून यायला लागेल. पण फेब्रुवारीच्या पोत्यात माझे दोन किलो धरशील का?

निरंजनी

आजी, धरले. एरंडेल लावूनच आणते, दुसऱ्या मजल्यावर.